रडायला जागा देणारे उपचार

स्तनाचा कर्करोग निघाला की घरदार बाईला एकच सांगतं, 'तू फक्त पॉझिटिव्ह राहा.' सांगणाऱ्याच्या पोटात माया असते. पण केमोने गळून गेलेली, उशीवर केसांचे पुंजके पाहून हबकलेली ती बाई मग रडायचंही चोरून रडते. आपण खचलो तर आजार बळावेल, ही आणखी एक धास्ती तिच्या मागे लागते.

अमेरिकेत स्टॅनफर्डला 1970च्या दशकात डेव्हिड स्पीगल आणि अर्विन यालोम या मानसोपचारतज्ज्ञांनी नेमकी उलटी वाट धरली. कर्करोग शरीरात पसरलेल्या बायका आठवड्यातून एकदा दीड तास एकत्र बसत. दुखणं, नवऱ्याचं गप्प होणं, मुलांचं पुढे काय, मरण कसं येईल, सगळं उघड बोललं जाई. गटातली कुणी गेली तर तिच्यासाठी सगळ्या मिळून रडत. शिवाय त्या स्वसंमोहन शिकत: दुखऱ्या जागी गारवा किंवा मुंग्या आल्याची कल्पना करायची आणि वेदनेची धार बोथट करायची.

1989 साली 'लॅन्सेट'मध्ये 86 बायकांच्या या अभ्यासाचे आकडे आले. गटातल्या बायका सरासरी 36.6 महिने जगल्या, इतर 18.9. मोठी खळबळ उडाली. पुढे कॅनडात याच पद्धतीच्या, 235 बायकांवर झालेल्या अभ्यासात (2001) आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या. ज्यांना मुळात त्रास जास्त, त्यांना फायदाही जास्त. मला हे थोडं वाटत नाही. ताप उतरवणारं औषध आयुष्य वाढवतं का, असं आपण विचारत नाही.

उपचार संपल्यावरची भीती वेगळी असते. पाठीत चमक भरली की 'परत आला' हाच पहिला विचार. कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपीत तो विचार कागदावर उतरवून तपासतात: काल काय उचललं होतं? दुखणं किती दिवस टिकलं तर डॉक्टरांना दाखवायचं? भीती पुसली जात नाही, पण रात्रभर जागवतही नाही.

मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात मानसोपचाराचीही सोय आहे. इतरत्र केमोच्या फेऱ्या सुरू असतील, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना झोप, भूक आणि रडू येण्याबद्दल सांगा आणि समुपदेशकाची चिठ्ठी मागून घ्या. आजारी बाई बोलत असताना सोबतच्या माणसाने मध्ये 'तसं काही नाही हो' म्हणू नये.