जोड-इंजिनांची जेट-नौका व अंगचोर बैल

जुंवाला जोडलेल्या दोन बैलांपैकीं एक अंग चोरूं लागला म्हणजे गाडी वांकडी चालते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. दोन इंजिनांच्या जेट-नौकेचेंही असेंच होतें. मात्र तेथें चोर ओळखणें अवघड, आणि बहुधा निरपराध्यालाच प्रथम चाबूक बसतो.

ही नौका मूळची न्यूझीलंडची. तेथील दक्षिण बेटांतल्या कित्येक नद्या उथळ व गोट्यांनीं भरलेल्या. नौकेचा नेहमींचा पंखा तेथें आपटून मोडावयाचा. म्हणून विल्यम हॅमिल्टन यांनीं १९५४ च्या सुमारास तळाच्या जाळींतून पाणी आंत ओढून, फिरत्या चक्राच्या योगानें तें मागें जोरानें फेंकण्याची युक्ति व्यवहारांत आणली. १९७७ सालीं सर एडमंड हिलरी यांनीं अशाच नौका गंगासागरापासून गंगेंतून हिमालयाकडे नेल्या, हें पुष्कळांस स्मरत असेल.

आमचा पुतण्या त्याच देशांत असतो. त्याच्या नौकेचें डावें इंजिन मिनिटास ४,००० फेरे घेई, तर उजवें ३,४०० वर अडे. एका कारागिरानें उजवीकडचें चक्र झिजलें असें ठरवून नवें घालण्यास सांगितलें. खर्च मोठा! आम्हांस यंत्रविद्या येत नाहीं. परंतु हेत्वाभास ओळखतां येतो. चक्र झिजलें, किंवा जाळी शेवाळानें बुजून आंत हवा शिरली, तर इंजिनावरील भार हलका होतो. फेरे वाढतात आणि वेग मात्र घटतो. येथें तर फेरेच कमी! दोरी वा गोटा अडकून चक्र जड झालें नसेल, तर दोष इंजिनाकडेच शोधला पाहिजे. शिवाय चक्राला लागणारी शक्ति फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणांत असते. गणित मांडलें तर उजवें इंजिन डाव्याच्या सुमारें तीन-पंचमांशच शक्ति देत होतें.

ही हयगय करण्याजोगी गोष्ट नव्हे. या नौकेस निराळें सुकाणूं नसतें. मागें फेंकलेला झोत वळवूनच ती वळते. भर ओघांत झोत थांबला कीं वळणेंही थांबलें.

आम्हीं पुतण्यास अन्वयव्यतिरेकाची आठवण दिली. दोन सारखीं इंजिनें शेजारीं असणें म्हणजे परीक्षेचें साहित्य घरांतच असणें होय. एकाचा भाग दुसऱ्यास लावावा. भागाबरोबर दोष गेला तर तो भाग दोषी, दोष जागींच राहिला तर तो निर्दोष. मात्र एका वेळीं एकच भाग बदलावा, एरवीं कशानें काय झालें तें कळत नाहीं. जाळी व चक्र त्यानें आधींच तपासलीं होतीं. तेथें कांहीं अडकलेलें नव्हतें. प्रथम फेरे दाखविणाऱ्या घड्याळांची अदलाबदल केली. कमी आंकडा उजवीकडेच राहिला, म्हणजे घड्याळ खरें बोलत होतें. ठिणगीचे प्लग बदलले, पेट्रोलची गाळणी बदलली, दोष हलेना. शेवटीं इंजिन बंद ठेवून एकानें हातदांडा पुरा पुढें ढकलला व दुसऱ्यानें वाकून पाहिलें, तों उजवीकडची झडप पुरती उघडतच नव्हती! तिची तार सैल पडली होती. वास्तविक हें सर्वांआधीं पाहावयाचें; पण तरुणांस बाहेरची तार क्षुद्र वाटते.

तार ताणून बसविल्यावर दोन्ही इंजिनें जवळजवळ बरोबरीनें चालूं लागलीं. जुनें चक्र अद्याप चालूं आहे.