फ्रीजमधले सरबत रातोरात कमी का होते?

उन्हाळ्यात सरबत, लस्सी व फालुद्याच्या दुकानांतून एक तक्रार नेहमी ऐकू येते. रात्री फ्रीजमध्ये ठेवलेले पातेले सकाळी थोडे उतरलेले दिसते आणि मालकाची नजर कामावरच्या पोराकडे वळते. असा संशय घेण्यापूर्वी व्यापारी बांधवांनी फ्रीजचे काम समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

पाणी उकळल्यावरच त्याची वाफ होते, हा समज चुकीचा आहे. थंडीतही ते उडत असते, मात्र सावकाश. ४ अंश सेल्सिअसला पाण्याच्या वाफेचा दाब ३० अंशांच्या मानाने सुमारे एक पंचमांश असतो. फ्रीजमधील कॉईल सर्वांत थंड असल्याने हवेतील ओल तिच्यावर बर्फ होऊन बसते. कोरडी झालेली हवा उघड्या भांड्यातून पुन्हा ओल घेते. म्हणजे साचलेल्या बर्फात आपल्या सरबताचेही पाणी असते! फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये पंख्याने हवा खेळत राहते, त्यामुळे उघडा माल अधिक लवकर सुकतो. तेथील बर्फ आपोआप वितळून निघून जातो, म्हणून घट कुठे गेली ते दिसत नाही.

आता हिशेब पाहू. ३० सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाच्या पातेल्यात पातळी १ मिलिमीटर उतरली, तर सुमारे ७० मिलिलिटर माल गेला. अशी दहा पातेली असतील तर ७०० मिलिलिटर. साखर मात्र उडत नाही, त्यामुळे उरलेले सरबत अधिक गोड व दाट होते आणि चव रोज बदलते. सोड्याच्या उघड्या बाटलीतून पाण्याआधी गॅस जातो. थंडीत तो जास्त टिकतो एवढेच.

उपाय साधे आहेत. प्रत्येक भांड्यावर घट्ट झाकण ठेवावे. रुंद पातेल्याऐवजी अरुंद तोंडाचे भांडे वापरावे. दाराचे रबर सैल झाले असल्यास बदलावे. कॉईलवर बर्फाचा जाड थर साचू देऊ नये. त्याने थंडावा अडतो व विजेचे बिल वाढते.

खात्री करायची असल्यास दोन सारख्या भांड्यांत प्रत्येकी १ किलो पाणी तोलून घ्यावे. एक झाकून, एक उघडे ठेवावे आणि २४ तासांनी पुन्हा तोलावे. उघड्यातील घट ही हवेची. घट्ट झाकलेल्या भांड्यातूनही माल कमी होत असेल, तरच दुसरीकडे चौकशी करावी.