जुनी हौस, जुने वाद्य आणि घरचा पैसा

मिनीमूग हे नाव आमच्या पुष्कळ वाचकांनी ऐकलेले नसेल. परंतु ज्या घरातील मुलगा लग्नाच्या बँडमध्ये किंवा चर्चच्या गायकवृंदात कीबोर्ड वाजवितो, त्या घरात हे नाव कधी ना कधी निघतेच. प्रथम ते कौतुकाने निघते, पुढे आग्रहाने निघते. आणि मुलगा मिळवता झाला की एक दिवस तो स्पष्टच सांगतो, की पंधरा वर्षे मनात बाळगलेले हे वाद्य आता घ्यावयाचे आहे, किंमत चार लाखांच्या वर. वडील गप्प राहतात. आई विचारते, "घरात एक कीबोर्ड असताना दुसरा कशाला?" आईचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ही वस्तू मुळात आहे तरी काय, हे घरातील सर्वांनीच समजून घेतले पाहिजे.

अमेरिकेतील रॉबर्ट मूग (१९३४–२००५) या अभियंत्याने हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साहाय्याने १९६४ साली विजेवर स्वर निर्माण करणारे आपले पहिले यंत्र सिद्ध केले. अशा यंत्रास सिंथेसायझर म्हणतात. आरंभीची ही यंत्रे म्हणजे कपाटासारखी धुडेच होती. एक आवाज जुळवावयाचा तर दहा ठिकाणी तारा जोडाव्या लागत. तशा यंत्रावर बाखच्या रचना वाजवून वेंडी कार्लोस यांनी १९६८ साली जी ध्वनिमुद्रिका काढली, ती जगभर गाजली आणि या नवीन आवाजाकडे लोकांचे कान वळले. १९७० साली मूग यांच्या कारखान्याने मिनीमूग तयार केले. लाकडी पेटी, ४४ पट्ट्या, तारांच्या जंजाळाऐवजी फिरकीची बटणे, आणि एकट्या माणसाने उचलून नेता येईल एवढाच भार. त्या वेळची किंमत १,४९५ डॉलर. १९८१ सालापर्यंत बारा हजारांच्या आसपास नग तयार झाले आणि मग ते बंद पडले.

त्याच्या आवाजाचे मर्म थोडक्यात सांगता येते. यंत्रातील विजेचा दाब एका व्होल्टने वाढला, की स्वर एका सप्तकाने चढतो. पट्टी दाबणे म्हणजे दाब ठरविणे. एका पट्टीवर तीन स्वरजनक एकदम बोलतात. ते तिघे केसभर एकमेकांपासून सरकविले, की आवाजास जो भरदारपणा येतो तो एका स्वरजनकाने येत नाही. मग हा आवाज एका गाळणीतून जातो, ती वरचे बारीक उपस्वर काढून टाकते. तोंडावर तळहात धरून 'आ' म्हणावे आणि हात हळूहळू दूर न्यावा. मिनीमूगची गाळणी उघडताना जे होते ते असेच काहीसे आहे. मूग यांच्या या गाळणीची गोडी अशी, की पुढे अनेकांनी तिची नक्कल केली. डाव्या हाताशी दोन चाके असतात; त्यांतील एकाने स्वर ओढून मींड घेता येते, जी आपल्या पेटीवर कधीच निघत नाही.

आता आईने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. या वाद्यावर एका वेळी एकच स्वर वाजतो. दोन पट्ट्या दाबल्या तरी सूर एकच. त्यास स्मरणशक्तीही नाही. काल जुळविलेला आवाज आज हवा असेल तर बटणांच्या जागा कागदावर टिपून ठेवाव्या लागतात. जुन्या यंत्राचा सूर उष्णतेने सरकतो, म्हणून सुरू केल्यावर काही वेळ ते तापू द्यावे लागते. दुकानातला वीस हजारांचा कीबोर्ड यांपैकी कोणताच त्रास देत नाही.

मग त्यास एवढी किंमत का? याचे उत्तर त्याच्या उतरत्या आणि चढत्या काळात आहे. १९७८ साली प्रॉफेट-५ आले. ते एकदम पाच स्वर वाजवी आणि आवाज लक्षातही ठेवी. १९८३ साली यामाहा डीएक्स-७ हे अंकीय वाद्य आले आणि जुनी वाद्ये एका रात्रीत म्हातारी झाली. अमेरिकेत व युरोपात लोकांनी ती मिळेल त्या भावाने विकली. ज्यांच्या हातात पैसा थोडा, अशा तरुणांनी ती घेतली, त्यांतून नवे संगीत काढले, आणि ते संगीत गाजल्यावर ज्यांनी विकली होती तेच पुन्हा शोधू लागले. आज मूळ यंत्रासाठी हजारो डॉलर मोजावे लागतात. खुद्द मूग कंपनीने २०१६ साली आणि पुन्हा २०२२ साली तेच वाद्य नव्याने काढले. २०२२ च्या यंत्राची किंमत ४,९९९ डॉलर होती. उलट बेरिंगर या कंपनीने २०१८ पासून त्याच आराखड्यावर बेतलेली, पट्ट्या नसलेली एक लहान पेटी सुमारे तीनशे डॉलरांस विकावयास काढली. हा शेवटचा आकडा घरातील चर्चेत मुलगा सहसा आपणहून सांगत नाही.

आमच्या समाजास या विषयात एक जुना सल आहे, तोही येथे बोलून टाकू. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांस पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची परंपरा होती. त्या विद्येच्या बळावर गोव्याचे कितीतरी वादक मुंबईस गेले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांसारख्यांनी हिंदी चित्रपटगीतांचे वाद्यमेळ बांधले, आणि त्या मेळांत बसून वाजविणाऱ्या अनेकांनी गावाकडील घरे चालविली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सिंथेसायझरने ही कामे एकामागून एक घेतली. व्हायोलिनवाल्यांच्या रांगा जेथे बसत, तेथे एक माणूस आणि एक यंत्र पुरू लागले. अशा एखाद्या वादकाच्या नातवाने सिंथेसायझर मागावे आणि आजोबांनी मान फिरवावी, यात नवल नाही. तथापि आमचे मत असे, की या दोहोंत भेद केला पाहिजे. वाद्यमेळ ज्यांनी उठविला ती यंत्रे व्हायोलिनचे, बासरीचे सोंग आणणारी होती. मिनीमूगला व्हायोलिनचे सोंग नीट जमत नाही, आणि जे त्याचा खरा आवाज ओळखतात ते तसे सोंग मागतही नाहीत. आजोबांचे दुःख त्यामुळे कमी होत नाही, हेही खरे.

हे वाद्य आपल्याकडे परके आहे असेही कोणी समजू नये. मूग यांचे मोठे यंत्र १९६९ सालीच अहमदाबादेस आले होते. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ते तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत उभारले आणि गीता साराभाई प्रभृती भारतीय मंडळींनी त्यावर प्रयोग केले. काही वर्षांतच ते काम थांबले. त्या वेळच्या फितींतील संगीत लोकांसमोर आले ते २०२३ साली. उलट उदाहरण मुंबईचे. चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातील वादक. त्यांनी १९८२ साली रोलंड कंपनीची तीन नवी यंत्रे घेऊन त्यांवर दहा राग वाजविले. ध्वनिमुद्रिका खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशांतील लोक चकित झाले, की ही मींड आणि हा ताल या माणसाने इतक्या लवकर कसा साधला! आम्हांस यातील एक गोष्ट महत्त्वाची वाटते. चरणजित सिंग यांनी घेतलेली यंत्रे त्या काळी जुनी, दुर्मीळ किंवा नावाजलेली नव्हती. माणूस तयार होता आणि यंत्र हाताशी होते, एवढेच.

चर्चचे नाव पुढे करून हे वाद्य घेऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो. "मिस्सेलाही उपयोगी पडेल," हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमध्ये पियानोस मनाई केली होती. १९५८ च्या रोमच्या सूचनापत्राने विजेचा ऑर्गन, नळ्यांचा ऑर्गन परवडत नसेल तेथे आणि बिशपांच्या परवानगीने, तात्पुरता चालवून घेतला. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली नळ्यांच्या ऑर्गनास मान देऊन इतर वाद्यांसही अधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी केली. म्हणजे आज हरकत कायद्याची नाही. पण एका वेळी एकच स्वर काढणारे वाद्य लोकांच्या गायनास आधार काय देणार? धर्मग्रामास वाद्य हवे असेल तर धर्मग्रामाने ऑर्गन घ्यावा. हौस असेल तर ती हौस म्हणून घरी सांगावी.

हौस म्हणून सांगितली म्हणजे ती पाप होते, असे मात्र आम्ही मानीत नाही. बेथानीच्या मरियेने तीनशे दिनारांचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हे तेल विकून पैसा गरिबांस का दिला नाही, असे विचारणारा यहुदा होता, आणि प्रभूने मरियेची बाजू घेतली. ही कथा हौशी माणसाने आपल्या सोयीने वापरू नये, कारण तिने ते तेल स्वतःसाठी ठेवले नव्हते. पण गरिबांचे नाव घेऊन प्रत्येक सुंदर वस्तू नाकारणाऱ्यानेही आपल्या थैलीकडे एकदा पाहावे. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्च मोजणाऱ्या माणसाचा दाखलाही प्रभूनेच दिला आहे, आणि येथे तो अधिक लागू पडतो.

खर्च मोजताना किंमत एवढाच आकडा धरू नये. परदेशातून आणावयाचे तर विमा, वाहतूक, सीमाशुल्क आणि कर हे सर्व वर चढते. दुरुस्ती हा याहून मोठा भाग. जुन्या यंत्रातील कपॅसिटर सुकतात, बटणे खरखरतात, पट्ट्यांखालील रबर झिजते. ते काम जाणणारा कारागीर आपल्या तालुक्याच्या गावी मिळणे कठीण, आणि यंत्र मुंबईस किंवा बंगळुरास धाडावे लागले तर प्रत्येक खेपेस भाडे. बहिणीचे लग्न, वडिलांचे औषधपाणी, पतपेढीचे कर्ज यांपैकी काही डोक्यावर असेल, तर आमचे उत्तर नकाराचे आहे. आणि हप्त्यांवर घेणार असेल तर कोणत्याही स्थितीत नकाराचेच. पण मुलगा नियमित वाजवितो, वाजवून दोन पैसे मिळवितो, आणि घराचे सारे देणे देऊन हे पैसे त्याने स्वतः साठविले आहेत, तर वडिलांनी अडवू नये. एवढी एक अट घालावी: आधी ती स्वस्त पेटी घेऊन वर्षभर वाजवावी. वर्षानंतरही ती रोज उघडली जात असेल तर ओढ आवाजाची होती. कोपऱ्यात धूळ खात असेल तर ओढ नावाची होती, आणि घराचे चार लाख वाचले.

जुने यंत्र पाहावयास जाणाऱ्याने घाईने बयाणा देऊ नये. ते बंद स्थितीत आहे ना ते पाहून आपल्यासमोर सुरू करावयास सांगावे, अर्धा तास थांबावे, आणि मग खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत तिन्ही स्वरजनक वेगवेगळे सुरात येतात की नाही हे तपासावे. अमेरिकेचे यंत्र तिकडच्या कमी दाबाच्या विजेवर चालणारे असू शकते. आपल्या २३० व्होल्टवर तसेच लावल्यास जळेल, म्हणून मागील पाटी वाचल्याशिवाय तार खोचू नये. घरी आणल्यावर पावसाळ्याचे चार महिने जपावे लागतात. भिंतीस चिकटवून ठेवू नये, वर सुती कापड घालावे, आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवून त्या महिन्याने बदलाव्या, आणि आठवड्यातून एकदा तरी तासभर सुरू करून वाजवावे.