गाडीची काच अडली तर

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या जुन्या गाडीची काच बटण दाबूनही वर येईना. बाजाराला निघालेले दोन खोके पापड भिजले. तेव्हा जे शिकलो, ते सांगतो.

बटण दाबा आणि कान द्या. आवाजच नाही, तर आधी फ्यूज पाहा. जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. मोटर फिरते पण काच हलत नाही, तर मेकॅनिक गाठा. काच रखडत चढते, तर खाचेतलं रबर साबणाच्या पाण्यानं पुसा, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. तेल नको, रबर फुगतं.

दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला, तर तिथलं रबर चपटं झालंय, बदला. दाराच्या तळाची पाणी जायची भोकंही मोकळी ठेवा.

आमचा तर नुसता फ्यूज गेला होता!