गॅस आला, पण चूल विझली नाही

हिवाळा सुरू झाला की खानदेशातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रसंग वारंवार घडतो. साठीच्या आसपासची बाई चोपडा, यावल, शिरपूर किंवा साक्री तालुक्यातल्या गावाहून आलेली असते. चढण चढताना दम लागतो, सकाळी उठल्यावर खोकून खोकून कफ पडतो, रात्री उशी उंच घ्यावी लागते. डॉक्टर विचारतात, "मावशी, बिडी ओढता का?" बाई पदर तोंडाला लावून हसते. "नही भाऊ, कधीच नही." मिसरी लावत असेल तर तेवढे सांगते. थुंकी तपासली जाते, क्षयरोग निघत नाही. मग कागदावर 'दमा' असे लिहिले जाते आणि खोकल्याची बाटली घेऊन ती पुन्हा एसटीत बसते.

विचारायचा राहिलेला प्रश्न वेगळाच असतो. मावशी, चुलीपुढे बसायला लागलात तेव्हा वय काय होते? उत्तर बहुधा दहा-बारा वर्षे असे येते. दिवसाचे तीन-चार तास, अशी पन्नास वर्षे. छातीविकारतज्ज्ञ धुराचा हिशेब असाच मांडतात, रोजचे तास गुणिले वर्षे. चार तास आणि चाळीस वर्षे धरली तरी एकशे साठ होतात. बिडी न ओढलेल्या या बाईच्या श्वासनलिका बिडी ओढणाऱ्यासारख्याच अरुंद झालेल्या असतात. या आजाराला सीओपीडी म्हणतात. दमा औषधाने बराचसा मोकळा होतो. सीओपीडीत मात्र एकदा गेलेली फुप्फुसाची ताकद परत येत नाही, उरलेली सांभाळावी लागते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये हाच मुद्दा मांडला होता. सीओपीडी हा फक्त धूम्रपान करणाऱ्यांचा आजार नाही, आणि जगाचा विचार केला तर चुलीचा धूर हे त्याचे बहुधा सर्वांत मोठे कारण असावे, असे त्यांचे म्हणणे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक होती.

यावर लगेच येणारे उत्तर म्हणजे, आता घरोघरी गॅस आहे की! उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि लाल सिलिंडर पाड्यांपर्यंत पोचला, हे खरेच. पण सिलिंडर आला म्हणून चूल गेली, असे कुणी समजू नये. चहा आणि भाजी गॅसवर होते. आंघोळीचे पाणी मात्र अंगणातल्या बंबात किंवा चुलीवरच्या हंड्यात तापते. कळण्याची भाकरी चुलीवरचीच लागते. लग्नाकार्यात आणि अखाजीला मांडे करायचे तर उपडे खापर ठेवायला चूलच हवी, गॅसच्या शेगडीचे ते काम नाही. भरताची वांगी काड्यांच्या जाळावर भाजली नाहीत तर ते भरत कसले! शिवाय कपाशी उपटली की पऱ्हाट्यांचा ढीग शेतात फुकट पडलेला असतो आणि सिलिंडरला रोख पैसे मोजावे लागतात. बाईने चूल सोडली नाही यात तिचा अडाणीपणा काही नाही, हिशेब आहे. म्हणून 'चूल बंद करा' एवढे सांगून डॉक्टरांनी मोकळे होऊ नये. चूल राहणार असेल तर ती कशी राहावी, हेही सांगायला हवे.

पहिली गोष्ट जागेची. शेतात पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजणाऱ्याच्या छातीत फारसे काही जात नाही, वारा धूर घेऊन जातो. तोच जाळ धाब्याच्या घरात, एका खिडकीच्या खोलीत पेटला की धूर डोक्याच्या उंचीवर थर धरून राहतो. पावसाळा सोडला तर चूल ओसरीत किंवा मागच्या पडवीत मांडता येते. बंब तर घरात असूच नये. गारठ्यामुळे काही घरांत तो न्हाणीघरात आणून ठेवतात आणि दार लावून आंघोळ करतात. हे जिवावर बेतू शकते, त्याचे कारण पुढे येईल. घरातच चूल ठेवावी लागत असेल तर समोरासमोर दोन उघडी हवीत, हवा आत यायला एक आणि धूर बाहेर जायला एक. सतत उघडा राहणारा झरोका छताजवळ असावा. खाली असलेल्या खिडकीचा धुरासाठी फार उपयोग होत नाही.

गॅसची शेगडी आणि चूल एकाच खोलीत असेल तर आणखी एक धोका आहे आणि तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत पसरतो, आणि चूलही जमिनीलगतच असते. सिलिंडरपासून दहा पावलांवर विस्तव असेल तर गॅस आपणहून तिथपर्यंत पोचतो. दोन्ही एका खोलीत ठेवूच नयेत. नाइलाज असेल तर एक पूर्ण विझल्याशिवाय दुसरे पेटवू नये आणि रात्री रेग्युलेटर बंद असावा.

मग जळतण. धूर म्हणजे न जळलेले लाकूड. ओले लाकूड आधी स्वतःतले पाणी उकळण्यात विस्तव खर्च करते, जाळ थंड पडतो आणि अर्धवट जळालेले कण हवेत सुटतात. बाभळीचे ओले लाकूड फोडून एक उन्हाळाभर वाळवले तर धूर निम्म्याहून खाली येतो, हे कुठल्याही आजीबाईला ठाऊक आहे. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला तडे दिसतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. ओले लाकूड बद्द वाजते. पावसाळ्यापूर्वी सरपण विटांवर किंवा फळ्यांवर उचलून, वरून झाकून ठेवावे, बाजू मोकळ्या असाव्यात. पऱ्हाट्या आणि तुराट्या वाळलेल्या असल्या तरी भसाभसा जळतात. त्या सतत सारत राहाव्या लागतात, म्हणून बाईला चुलीच्या तोंडाशी खिळून बसावे लागते. त्यांच्याबरोबर एखादे जाड लाकूड लावले तर तिला अधूनमधून उठून बाहेर जाता येते. चुलीत लोखंडी जाळी बसवून लाकूड तिच्यावर ठेवले की खालून हवा मिळते आणि फुंकणीचे काम कमी होते. फुंकताना बाईचे तोंड विस्तवापासून वीतभर अंतरावर असते आणि फुंकून झाल्यावर ती जो खोल श्वास घेते, तो त्या धुराचाच असतो.

पेटवण कशाची असावी, हेही पाहायला हवे. प्लास्टिकची पिशवी, सायकलची ट्यूब, ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा, फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली किंवा पुडके, यांतले काहीही चुलीत जाऊ नये. ते चटकन पेटते खरे, पण त्यातून निघणारे विषारी वायू त्याच भाकरीवर आणि त्याच नाकात जातात. पेट्रोल, डिझेल, रॉकेल तर हाताशीसुद्धा ठेवू नये. चूल विझलीशी वाटते, आत निखारा असतो, ओतलेल्या तेलाची वाफ होते आणि जाळ हातातल्या डब्यापर्यंत येतो. भाजलेल्या बायकांच्या वॉर्डात ही हकिकत नवी नाही. सणासुदीची नायलॉनची साडी चुलीपुढे नेसू नये. ती पेटली की वितळून कातडीला चिकटते. भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे वाहते साधे पाणी धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद, राख काही लावू नये. चिकटलेले कापड ओढू नये, स्वच्छ फडक्याने झाकून दवाखाना गाठावा.

धुराड्याच्या चुली खानदेशाला नव्या नाहीत. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. देशभर कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या. महाराष्ट्रात 'लक्ष्मी' नावाची दोन भांड्यांची, धुराड्याची चूल पुष्कळांनी पाहिली असेल. त्यातल्या बहुतेकांचे पुढे काय झाले, हे जुन्या घरांच्या भिंतीवरचा काळा पट्टा सांगतो. ओडिशात सुमारे २६०० कुटुंबांवर झालेला एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी धुराड्याची चूल मिळालेल्या घरांवर चार वर्षे नजर ठेवली. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर खरोखर घटला. नंतर तो फायदा नाहीसा झाला. चुलीला तडे गेले, दुरुस्ती कुणी केली नाही, हळूहळू वापरही कमी झाला. चूल चांगली होती, निगा राहिली नाही.

निगा म्हणजे फार मोठे काम नाही. चूल पूर्ण थंड असताना, महिन्यातून एकदा, धुराड्यातली काजळी काढावी. दोरीला चिंध्यांचा गठ्ठा बांधून वरून खाली ओढला तरी चालतो, मात्र नाकातोंडाला ओला फडका बांधलेला असावा. काजळी साचली की दोन गोष्टी होतात. धूर चुलीच्या तोंडातून उलटा येऊ लागतो, आणि कधीतरी ती काजळी स्वतःच पेट घेते. घराचे छप्पर गवताचे किंवा कुडाचे असेल तर हा दुसरा धोका मोठा. अशा छपरातून नळी काढताना तिच्याभोवती पत्रा लावून वीतभर मोकळी जागा सोडावी. नळीचे टोक छपराच्या वर किमान दोन फूट असावे, नाहीतर वारा धूर परत घरात ढकलतो. चुलीला सारवण घालताना बारीक तडेही बुजवावेत, कारण तड्यातून हवा शिरली की धुराड्याची ओढ कमी होते. धूर चुलीच्या तोंडातून येऊ लागला, तर काहीतरी बिघडले आहे हे समजायला दुसरी तपासणी लागत नाही. आणि हे काम घरातल्या पुरुषाने करायला काय हरकत आहे? छपरावर तोच चढतो.

आता न्हाणीघरातल्या बंबाची आणि बंद खोलीतल्या शेगडीची गोष्ट. धुळ्याला पारा दहाच्या खाली उतरला की घमेल्यात निखारे काढून खोलीत आणून ठेवतात. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. प्रत्यक्षात धूर नसलेला हा विस्तवच सर्वांत फसवा आहे, कारण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने ठसकाही लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मग मळमळ, गरगरणे, झोप. झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती बाळंतिणीच्या खोलीची. दारे-खिडक्या बंद, फटींत कापड कोंबलेले, बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा-शेपेची धुरी, आणि कुशीत आठ दिवसांचे बाळ. यात प्रेम आहे, कुणी वाईट हेतूने करत नाही. पण बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा वेगाने चालतो, त्यामुळे विषही वेगाने शरीरात जाते. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून आईला द्यावी, बाळाजवळ ती ठेवू नये. बाळाला ऊब हवी असेल तर आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी पांघरावी, डोक्याला टोपडे घालावे, तोंड-नाक मोकळे राहील हे पाहावे. कमी वजनाच्या बाळांसाठी सरकारी रुग्णालयांतही हेच करतात, आणि त्याला निखारा लागत नाही.

सकाळी एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखत असेल, उलट्या होत असतील, तर रात्रीच्या जेवणावर संशय घेण्याआधी शेगडी आठवावी. दारे उघडून सगळ्यांना मोकळ्या हवेत आणावे, १०८ ला फोन करावा. दवाखान्यात पोचल्यावर 'खोलीत निखारे होते' हे न विचारता सांगावे. ते सांगणे अत्यंत महत्त्वाचे असते, कारण बोटाला लावायचे ऑक्सिमीटर यात फसते. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि आकडा ९८ दिसतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तास पुरतो.

राहिली सुरुवातीची मावशी. तिची फुंकून करायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, झाली की आजाराचे नाव नक्की होते. ओढायच्या औषधाचा पंप तिने नेमाने घ्यावा. पंपाची सवय लागते, हा समज खोटा आहे. त्या औषधाची मात्रा गोळीपेक्षा कितीतरी कमी असते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी मात्र आधी करावी, धूर सोसलेल्या छातीत क्षयरोगही होऊ शकतो. डोळ्यांसमोर धुरकट दिसत असेल तर मोतीबिंदू तपासून घ्यावा. चुलीच्या तोंडाशी तिने पुन्हा बसू नये, हे सोबत आलेल्या मुलाला बजावून सांगावे.

मुलगा सहसा म्हणतो, "आई आता कुठे बसते डॉक्टर, सूनबाई करते सगळं." सूनबाई बावीस-तेवीस वर्षांची असते. तिच्या मांडीवर मूल असते, आणि ते मूलही रोज तीन तास त्याच चुलीपुढे असते. त्याला सर्दी-खोकला झाला तर ते शांत असताना अंगातले झबले वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा.