एका रात्रीत चार उंबरे

हाशिगो-झाके : जपानमध्ये एकाच ठिकाणी न थांबता, थोडं पीत-खात एका छोट्या बारमधून दुसऱ्यात जाणं.

• इझाकाया : दारूसोबत याकितोरीसारखे (काडीवर भाजलेलं चिकन) पदार्थ, दाराशी बहुधा लाल कागदी कंदील.

• ताचिनोमी : उभ्यानेच प्यायची स्वस्त जागा.

• सुनाक्कु : छोटा बार, बहुधा ‘मामा’ (म्हणजे मालकीण) चालवते. कराओके असतो, नेहमीच्या गिऱ्हाइकाची नाव लिहिलेली बाटली फळीवर जपलेली असते.

• ओतोशी : बसताच न मागता समोर येणारी छोटी वाटी. पैसे बिलात लागतात.

• गोल्डन गाई, टोकियो : शिंजुकुतल्या सहा अरुंद गल्ल्या, सुमारे २०० बार. मूळ युद्धोत्तर काळ्या बाजारात. अनेक बारमध्ये जेमतेम आठ-दहा माणसं मावतात.

• जपानमध्ये मद्यपानाचं किमान वय २०. टिपची पद्धत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून पिऊन सायकल चालवण्यावरचा कायदाही अधिक कडक झाला आहे.