दहापैकी दहा, तरीही पाचवा

बर्फावरच्या शर्यतींशी माझा संबंध निकालांच्या तक्त्यांपुरताच. असे जुने तक्ते चाळताना १९७८-७९च्या हंगामापाशी मी अडलो. ॲल्पाइन स्कीइंगच्या विश्वचषकात त्या वर्षी पुरुषांच्या जायंट स्लॅलमच्या दहा शर्यती झाल्या. दहाही स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कने जिंकल्या. शिवाय स्लॅलमच्या तीन. आणि एकूण गुणतक्त्यात त्याचा क्रमांक पाचवा! आधी छपाईची चूक वाटली. शोधल्यावर कळले, चूक नव्हती, नियम होता.

हा नियम समजण्यासाठी शर्यतींचे प्रकार पाहू. स्लॅलममध्ये जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून झपाझप वळत उतरायचे. जायंट स्लॅलममध्ये खांबांतले अंतर जास्त, वेगही जास्त. दोन्हींत दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज होते. डाउनहिल मात्र एकाच फेरीची. तिथे ताशी शंभर किलोमीटरच्या पुढचा वेग आणि छातीतले धाडस लागते. स्टेनमार्क पहिल्या दोन प्रकारांचा माणूस. डाउनहिलच्या वाटेला तो जात नसे.

तरीही १९७६, १९७७ आणि १९७८ अशी सलग तीन वर्षे सर्वंकष विजेतेपद त्याच्याकडेच गेले. त्यानंतर प्रत्येक प्रकारातले सर्वोत्तम तीनच निकाल धरायचे, असे ठरले. विजयाला २५ गुण. म्हणजे एका प्रकारात ७५, दोन प्रकारांत १५०. स्टेनमार्कचे गुण भरले नेमके १५०. एखाद्या फलंदाजाने दहा शतके ठोकावीत आणि तीनच मोजली जावीत, तसे हे झाले. स्वित्झर्लंडचा पीटर ल्यूशर विजेता ठरला.

नियम करणाऱ्यांची बाजूही पोकळ नव्हती. सर्वंकष विजेता सर्व प्रकारांत उतरणारा असावा, हे म्हणणे रास्तच आहे. स्टेनमार्कनेही प्रयत्न केला. सप्टेंबर १९७९ मध्ये इटलीत डाउनहिलचा सराव करताना तो जोरात कोसळला; डोक्याला मार बसला. पुढे १९८१ मध्ये किट्सब्यूलच्या अवघड उतारावर तो उतरला आणि विजेत्याच्या दहाहून अधिक सेकंद मागे राहिला. सर्वंकष विजेतेपद त्याला पुन्हा मिळाले नाही.

पण त्या अपघातानंतर पाचच महिन्यांनी, फेब्रुवारी १९८० मध्ये, लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदके घेतली. दोन्ही वेळा पहिल्या फेरीनंतर तो मागे होता. १९८४च्या ऑलिंपिकचे दार मात्र त्याला बंद झाले. हौशी खेळाडूंच्या नियमांत बसत नाही, हे कारण.

१९८९ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा विश्वचषकातले त्याचे विजय होते ८६ : जायंट स्लॅलमचे ४६, स्लॅलमचे ४०. डाउनहिलचा एकही नाही. हा आकडा मार्च २०२३ पर्यंत टिकला. तो अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने ओलांडला, तोही स्वीडनमधल्याच ओरे येथे.

गुणतक्त्याचे नियम त्यानंतरही अनेकदा बदलले. १९७९चा सर्वंकष विजेता कोण, हे आज तक्ता उघडूनच सांगावे लागते. ते ८६ विजय मात्र कोणत्याही नियमाला वजा करता आले नाहीत. तेव्हापासून कुठलाही तक्ता हाती आला की आधी त्याखालचा नियम शोधायचा, ही सवय मला लागली आहे.